२४ हजारांत ५५ इंच: अनोळखी नावाचा टीव्ही घ्यायचा का?

या आठवड्याचा एपिसोड ज्यांनी लोकलच्या गर्दीत अर्धवट ऐकला, किंवा ज्यांना आकडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाहीत, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना झालेला फाफटपसारा काढलाय, आणि जिथे आकडे घाईत सांगितले होते तिथे ते नीट मांडलेत.

प्रश्न बोईसरहून आलाय. तारापूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारा आपला एक श्रोता, वय तेवीस. त्याची व्हॉइस नोट अशी: "दादा, एका दुकानात ५५ इंची फोर-के स्मार्ट टीव्ही २४ हजारांत देतायत. कंपनीचं नाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही. ओळखीच्या कंपनीचा ४३ इंची साधारण तेवढ्यालाच बसतो. घरातला पहिला मोठा टीव्ही आहे, ओव्हरटाइमचे पैसे साठवलेत. घेऊ का?"

खोली दहा बाय बाराची, बसायची जागा टीव्हीपासून साधारण आठ फूट. घरी आई केबलवर मालिका बघते, हा आणि भाऊ मॅच आणि ओटीटी.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. या घरासाठी मी ४३ घेईन. पण "अनोळखी नाव म्हणजे भंगार" हे कारण देऊन नाही, कारण ते खरं नाही. अनोळखी टीव्ही घेऊन वर्षानुवर्षं सुखात असलेली घरं आपल्याकडे ढीगभर आहेत. मुद्दा असा की दुकानात उभं राहून कुठल्या गोष्टी आपल्याला तपासता येतात आणि कुठल्या फक्त दुकानदाराच्या शब्दावर घ्याव्या लागतात, हे कळलं पाहिजे. तपासता येणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि त्यांना फोन, पट्टी आणि मेजरिंग टेप एवढंच लागतं.

टीव्ही बनवतं कोण?

टीव्ही उघडला तर आत मुख्य चार गोष्टी असतात: पॅनल, त्याच्या मागची लाइट म्हणजे बॅकलाइट, बोर्ड आणि पॉवर सप्लाय. किमतीतला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या पॅनलचा असतो. आणि एलसीडी पॅनल बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत, बहुतेक चीन आणि तैवानमधल्या: बीओई, सीएसओटी, एचकेसी, एयूओ, इनोलक्स. सॅमसंगने स्वतःचे मोठे एलसीडी पॅनल बनवणं २०२२ मध्ये बंद केलं. म्हणजे आज सॅमसंगचा साधा एलईडी टीव्ही घेतलात तरी पॅनल दुसऱ्याच कुणाचं असतं.

नावाचीही तीच गंमत. कोडॅक म्हटलं की जुन्या लोकांना कॅमेऱ्याचा रोल आठवतो. भारतात कोडॅक आणि थॉमसन नावाचे टीव्ही सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही भारतीय कंपनी लायसन्स घेऊन बनवते. २०१९ मध्ये नोकिया नावाचा टीव्ही आला तो फ्लिपकार्टने आणला होता. शाओमीसारख्या मोठ्या नावांचे टीव्ही डिक्सनसारख्या कंत्राटी कंपन्यांच्या कारखान्यात बनलेत. यात लपवाछपवी काही नाही, धंदाच असा चालतो.

आणि आपल्या जिल्ह्याचाही यात हात आहे बरं का. शिंगं आणि शेपूटवाल्या सैतानाच्या जाहिरातीवाला ओनिडा आठवतोय? आठवत नसेल तर वडिलांना विचारा. त्या कंपनीचा कारखाना वाडा तालुक्यात, कुडूसला. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, त्याआधी तो पत्ता ठाणे जिल्ह्यात मोजायचे.

मोठं नाव कायमचं असतं असंही नाही. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची व्हिडिओकॉन एकेकाळी मराठी घराघरात होती. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेव्हा "ब्रँड आहे ना, मग काळजी नाही" हे वाक्य मी अर्धंच मानतो.

मग "अनोळखी नाव" यात मी दोन वेगळे गट करतो. एका गटात स्वस्त पण पत्ता असलेल्या कंपन्या: वेबसाइट आहे, कस्टमर केअर उचलतं, सॉफ्टवेअर गुगल टीव्ही किंवा दुसऱ्या कुणाचं तरी अधिकृत लायसन्सवालं. दुसऱ्या गटात फक्त स्टिकर. सुटे भाग आणून जोडायचे, बेझलवर एक नाव चिकटवायचं, पुढच्या वर्षी दुसरं नाव. कधी कधी मोठ्या कंपनीच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं असतं. पहिला गट मला चालतो. सगळी डोकेदुखी दुसऱ्या गटाची, आणि दुकानाच्या भिंतीवर दोन्ही सारखेच चकाकतात.

इंच मोजा, मग पिक्सेल मोजा

आधी साइज. टीव्हीचा इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी, आणि तीसुद्धा फक्त उजेड पडतो त्या भागाची. ५५ इंचाला ही लांबी जवळजवळ १४० सेंटीमीटर भरली पाहिजे, ४३ ला १०९. फ्रेम धरून मोजून साइज फुगवलेली असू शकते. टेप लावायला लाजू नका, साडी घेताना पदर उलगडून बघतोच की आपण.

आता पिक्सेल. हा भाग एपिसोडमध्ये मी दोनदा सांगितला होता, कारण सगळ्यात मोठी फसवणूक इथे होते. खोक्यावर "फोर-के" लिहिलेलं असतं. त्याच्या आजूबाजूला बारीक अक्षरात कधी "सपोर्ट" असा शब्द असतो. त्याचा अर्थ एवढाच की टीव्ही फोर-केचा सिग्नल आत घेईल. पडद्यावर तेवढे ठिपके आहेत असा नाही. खऱ्या फोर-के पॅनलवर आडवे ३८४० आणि उभे २१६० पिक्सेल असतात, एकूण ८० लाखांच्या वर. फुल एचडीवर १९२० बाय १०८०, म्हणजे साधारण २० लाख. आणि एचडी रेडी म्हणतात त्यात बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८, जेमतेम साडेदहा लाख.

मोजायचं कसं? दुकानदाराला एखादं पूर्ण पांढरं चित्र लावायला सांगा, पेनड्राइव्हमधून किंवा यूट्यूबवरून. शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी पडद्याच्या खालच्या कडेला अलगद धरा, दाबायची नाही. फोन अगदी जवळ न्या, फोकस होऊ द्या, फोटो काढा आणि मग झूम करा. पांढऱ्या रंगात लाल, हिरवा, निळा असे तीन छोटे दांडे दिसतील. हे तीन मिळून एक पिक्सेल. एका सेंटीमीटरमध्ये फक्त निळे दांडे किती आहेत ते मोजा.

५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटीमीटर रुंद असतो. म्हणून फोर-के असेल तर एका सेंटीमीटरला ३१-३२ निळे दांडे येतील. फुल एचडी असेल तर १६ च्या आसपास. एचडी रेडी असेल तर फक्त ११. ४३ इंचाचे आकडे तसेच काढले तर ४०, २० आणि १४. एखाद-दुसरा इकडेतिकडे झाला तरी गोंधळ होणार नाही, कारण एक प्रकार दुसऱ्यापासून बराच लांब आहे.

ही पद्धत मला आवडते कारण इथे सॉफ्टवेअर मध्ये येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन "रिझोल्यूशन ३८४०" असं वाचलंत तर ते सॉफ्टवेअरने लिहिलेलं वाक्य आहे. मी स्वतः अँड्रॉइड ॲप्स लिहिण्याचं काम करतो, आणि स्क्रीनवर हवं ते वाक्य छापायला किती वेळ लागतो ते मला चांगलं माहितीये. सेटिंगमधली रॅम, स्टोरेज, अँड्रॉइडचं व्हर्जन, हे सगळं खोटं दाखवता येतं. काचेवरचे दांडे खोटे दाखवता येत नाहीत.

आपला श्रोता खरंच पट्टी घेऊन गेला. त्याने पाठवलेल्या फोटोत मी मोजले, सोळा. म्हणजे खोक्यावर फोर-के, आत फुल एचडी.

आता यात एक मजेशीर वळण आहे. आठ फुटांवरून त्याला हा फरक दिसला असता का? गणित करू. साधारण चांगल्या नजरेला एक मिनिट कोनापेक्षा लहान गोष्ट वेगळी दिसत नाही. एक मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. त्या हिशोबाने ५५ इंची फुल एचडीचे ठिपके सुमारे सात फुटांच्या पुढे डोळ्याला वेगळे कळत नाहीत. तो बसणार आठ फुटांवर. म्हणजे त्या खोलीत ५५ इंची फोर-के आणि ५५ इंची फुल एचडी यांच्यात बारकाव्याचा फरक त्याला जवळपास कळलाच नसता! एचडी रेडी असतं तर मात्र दहा फुटांपर्यंत ठिपके जाणवले असते. ४३ इंची फुल एचडीला हे अंतर साडेपाच फूट येतं, तिथे तर काही प्रश्नच नाही.

मग सोळा निघाले तर बिघडलं काय? बिघडलं हे की जो माणूस खोक्यावर पडद्याबद्दल खोटं छापतो, त्याच्याच खोक्यावर "२ वर्षं वॉरंटी" पण छापलेलं आहे. पडदा मी पट्टीने मोजू शकतो, वॉरंटी नाही. मी त्याला म्हटलं, दुकानदाराला एवढंच सांग की बिलावर "फोर-के, ३८४० बाय २१६०" असं लिहून दे. दुकानदार म्हणाला, "बिलावर असं काही लिहीत नाहीत, बिलावर फक्त एलईडी टीव्ही." हे उत्तर मला पुरेसं होतं.

मोठा पडदा, जुनी मालिका

५५ चा मोह मला कळतो. भिंत भरते, मॅचला चार मित्र येतात. पण आई काय बघते ते विसरू नका. साध्या एसडी चॅनेलचं चित्र असतं ७२० बाय ५७६. डीडी फ्री डिश असेल, केबलचा स्वस्तातला पॅक असेल, तर बरीचशी चॅनेल्स आजही एसडी. ते चित्र जेवढं मोठं ताणाल तेवढं पिठाळ दिसतं. महाग टीव्हीतला प्रोसेसर ते थोडं सावरतो, स्वस्त बोर्ड सावरत नाही. जुन्या ३२ इंचीवर ठीक दिसणारी मालिका नव्या ५५ वर धूसर दिसली की घरात पहिला प्रश्न येतो, "हा नवीन ना रे?"

एचडीआरच्या शिक्क्याबद्दलही एक ओळ. स्वस्त टीव्हीवर त्याचा अर्थ फक्त "एचडीआर फाइल चालेल" असा असतो. एचडीआर खुलून दिसायला पडदा खूप उजेड देणारा लागतो, आणि या किमतीत तो मिळत नाही. त्या शिक्क्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका.

स्मार्ट म्हणजे नक्की कोणाचं स्मार्ट

अँड्रॉइड फुकट आहे, कुणीही उचलून टीव्हीत घालू शकतं. गुगलने तपासून प्रमाणपत्र दिलेला अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्ही ही वेगळी गोष्ट. स्टिकरवाल्या टीव्हीत बऱ्याचदा फोनचंच अँड्रॉइड ताणून बसवलेलं असतं. ओळखायची खूण सोपी: रिमोटने माऊसचा बाण फिरवावा लागतो, आणि ॲप्स फोनसारखी दिसतात.

याचा तोटा दोन ठिकाणी. पहिला, ओटीटी. नेटफ्लिक्स, प्राइम यांसारखी ॲप्स एचडी चित्र देण्याआधी डिव्हाइसला विचारतात की तुझ्याकडे वाइडवाइनची वरची पातळी, एल-१ आहे का. नसेल, फक्त एल-३ असेल, तर चित्र एसडीच्या आसपास अडवून ठेवतात. तुम्ही पैसे एचडी प्लॅनचे भरता, पॅनल फुल एचडीचं असतं, आणि चित्र येतं जुन्या डीव्हीडीसारखं. दुकानात असतानाच टीव्हीवर "डीआरएम इन्फो" नावाचं ॲप टाकता आलं तर सिक्युरिटी लेव्हल बघा. टाकता येत नसेल तर तिथेच नेटफ्लिक्स किंवा प्राइम आपल्या लॉगिनने चालवून बघा, आणि नंतर लॉगआउट करायला विसरू नका.

दुसरा तोटा जरा गंभीर. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला होता. स्वस्त स्ट्रीमिंग बॉक्स, प्रोजेक्टर अशा प्रमाणपत्र नसलेल्या अँड्रॉइड उपकरणांमध्ये "बॅडबॉक्स २.०" नावाचं मालवेअर सापडलं होतं, काहींमध्ये तर विकण्याआधीच. पुढच्याच महिन्यात गुगलने यावर न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला आणि अशा उपकरणांचा आकडा एक कोटीच्या वर सांगितला. हे मालवेअर काय करतं? तुमच्या घरचं इंटरनेट दुसऱ्यांना भाड्याने देतं. कुणीतरी दूरवर बसून फसवणूक करतो आणि पत्ता तुमच्या वायफायचा दिसतो. टीव्ही तुमच्या फोनमधला यूपीआय पिन वाचतो असा याचा अर्थ नाही, उगाच घाबरू नका. प्रत्येक अनोळखी टीव्हीत हे असतं असंही नाही. पण आहे की नाही हे तुम्हाला किंवा मला दुकानात बसून कळणार नाही, आणि अशा टीव्हीला अपडेट येण्याची आशा मी तरी धरत नाही.

म्हणून मी एक जुगाड सांगतो आणि तो खरंच चालतो. टीव्हीला वायफायच देऊ नका. नावाजलेल्या कंपनीची, अधिकृत स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयला लावा, आणि टीव्हीकडे फक्त मोठा मॉनिटर म्हणून बघा. एल-१ चा प्रश्न सुटतो, मालवेअरचा सुटतो, आणि चार वर्षांनी सॉफ्टवेअर रटाळ झालं तर स्टिक बदलायची, टीव्ही नाही. फक्त हिशोबात स्टिकचे तीन-चार हजार आत्ताच धरा. २४ चा टीव्ही २८ ला पडला. आता ही २८ हजारांची तुलना करा ओळखीच्या कंपनीच्या टीव्हीशी, ज्यात स्टिकची गरज नाही. स्वस्ताई बरीचशी तिथेच विरते.

बिघडल्यावर कोण येणार

पालघरला आमच्या ओळखीचे एक टीव्ही मेकॅनिक आहेत, पिक्चर ट्यूबच्या काळापासून हेच काम करतात. त्यांना विचारलं, "काका, या स्वस्त मोठ्या टीव्हींमध्ये आधी जातं काय?"

"लाइट जाते रे. मग बोर्ड. आणि डिस्प्ले गेला तर मी उघडतच नाही, गिऱ्हाइकाला सांगतो, घरी घेऊन जा."

लाइट म्हणजे मागच्या एलईडीच्या पट्ट्या. स्वस्त टीव्हीत एलईडी कमी लावतात आणि उजेड पुरावा म्हणून त्यांना जास्त करंट देतात. त्या तापतात. पट्टीतले एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, जुन्या दिवाळीच्या माळेसारखे, एक गेला की ओळच गेली. आवाज येतो, चित्र नाही. ही दुरुस्ती बोईसर-पालघरमध्ये कुठलाही बरा मेकॅनिक करतो. बोर्डाचंही तसंच. स्टिकरवाल्या टीव्हीत बाजारात मिळणारा सर्वसाधारण बोर्डच असतो, त्यामुळे गेला तर युनिव्हर्सल बोर्ड बसवून टीव्ही परत चालू होतो. इथे गंमत अशी की अनोळखी टीव्ही कधी कधी ब्रँडेडपेक्षा लवकर दुरुस्त होतो, कारण ब्रँडवाल्याला त्याच मॉडेलचा बोर्ड हवा असतो आणि तो यायला वेळ लागतो.

पॅनलचं मात्र काही खरं नाही. उभी रेष आली, अर्धा पडदा काळा झाला, काच तडकली, तर नवीन पॅनलची किंमत टीव्हीच्या किमतीच्या जवळ जाते. तडकलेली काच तर कुठलीच कंपनी वॉरंटीत घेत नाही. राहिली वॉरंटीतली रेष, आणि तिथे अनोळखी आणि ओळखीच्या नावातला खरा फरक पडतो.

म्हणून पैसे देण्याआधी एक फोन करा. खोक्यावर कस्टमर केअर नंबर, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या नंबरवर, दुकानातूनच, स्पीकरवर, विचारा: "पिनकोड ४०१५०१ ला घरी येऊन सर्व्हिस आहे का?" हा बोईसरचा. पालघर असेल तर ४०१४०४. "हो" आलं तर तक्रार किती दिवसांत सुटते ते विचारा. "सर्व्हिस सेंटरला आणून द्या" असं उत्तर आलं, तर डोळ्यांसमोर आणा की सकाळच्या लोकलमध्ये तुम्ही आणि तुमचा भाऊ ५५ इंची काच धरून उभे आहात, आणि विरारला गर्दी चढतेय. नंबर लागलाच नाही, तर तेही उत्तरच आहे.

आपल्या पट्ट्याचा अजून एक त्रास. सातपाटी, केळवे, चिंचणी, तारापूर गाव, समुद्राच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला नको: खारी दमट हवा बोर्डावरच्या जोडांना खाते. भिंतीला ओल येत असेल तर टीव्ही भिंतीला चिकटवून लावू नका, मागे हवा खेळू द्या. पावसाळ्यात विजा सुरू झाल्या की प्लग तर काढाच, पण डिशची केबलही काढा. गच्चीवरच्या डिशमधून येणारा झटका थेट बोर्डात उतरतो, आणि मेनस्विच बंद केल्याने तो थांबत नाही.

आर-नंबर आणि पक्कं बिल

भारतात टीव्ही विकायला बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते. टीव्हीच्या मागे बीआयएसचं चिन्ह आणि "आर" ने सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. फोनवर "बीआयएस केअर" ॲप टाका, त्यात हा आर-नंबर तपासता येतो. बनवणाऱ्याचं नाव, ब्रँड आणि नोंदणी चालू आहे की नाही हे दिसतं. टीव्हीवरचा ब्रँड एक आणि ॲपमधला दुसराच असेल, तर तो टीव्ही दुकानातच राहू दे. लक्षात घ्या, हा नंबर सुरक्षेचा आहे. शॉक लागणार नाही, आग लागणार नाही याच्याशी त्याचा संबंध. चित्र चांगलं आहे असं तो सांगत नाही. पण रात्रभर प्लगमध्ये राहणाऱ्या वस्तूला एवढं तरी हवंच.

मग येतो तो प्रसिद्ध डायलॉग: "बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो." २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. २० हजार मूळ किमतीच्या टीव्हीवर आधी ५,६०० कर बसायचा, आता ३,६००. म्हणजे कच्च्या बिलात दुकानदाराची जेवढी बचत व्हायची तेवढी आता होतही नाही, आणि तुमच्या हातात मात्र कागद राहत नाही. पक्क्या बिलावर मॉडेल नंबर, सीरियल नंबर, साइज आणि वॉरंटीचा कालावधी लिहून घ्या. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख. पैसे शक्यतो यूपीआयने, म्हणजे तारखेचा पुरावा फोनमध्ये राहतो.

कारण पुढे काही झालंच, तर सुरुवात १९१५ ने होते. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यातली आपल्या कामाची गोष्ट ही की तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते. कंपनीचा पत्ता दिल्लीचा असला तरी तुम्हाला दिल्ली गाठायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, मुदत दोन वर्षं. वकील लागलाच पाहिजे असंही नाही. बिल मात्र लागतं.

घरी आणल्यावर

खोकं उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा, सील दिसेल असा, आणि पहिल्यांदा चालू होईपर्यंत बंद करू नका. काच तडकलेली निघाली तर "तुमच्याकडूनच फुटली" या वाक्याला दुसरं उत्तर नसतं. त्याच दिवशी लाल, हिरवं, निळं, काळं आणि राखाडी अशी पूर्ण रंगाची चित्रं पाच-पाच मिनिटं लावून डाग आणि मेलेले पिक्सेल बघून घ्या. राखाडीवर ढगाळ पट्टे सगळ्यात स्पष्ट दिसतात.

मग सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट शंभरवरून साठवर आणा. ब्राइटनेस नावाचं सेटिंग वेगळं असतं, त्याला हात लावू नका, बॅकलाइट कमी करायचाय. दुकानात दहा टीव्हींच्या रांगेत उठून दिसावा म्हणून तो शंभरवर ठेवलेला असतो. रात्री दहा बाय बाराच्या खोलीत साठ पुरतो, पट्ट्या कमी तापतात, आणि काकांकडे जायची वेळ बरीच पुढे ढकलली जाते. खोकं आणि आतलं थर्माकोल निदान वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर टाकून ठेवा. घर भाड्याचं असेल तर त्यानंतरही, कारण पुढच्या शिफ्टिंगला टेम्पोत टीव्ही उभाच न्यायचा असतो, आडवा ठेवला की काच वाकते.

पुढचा एपिसोड सेकंड-हँड लॅपटॉपवर आहे. प्रश्न पाठवायचे असतील तर व्हॉइस नोट एक मिनिटाच्या आत ठेवा, आणि खोलीचं माप सांगायला विसरू नका. लॅपटॉपला ते लागत नाही, पण टीव्हीचे प्रश्न अजून येतच आहेत.